समुद्राचा फोटो ब्लॅक अँड व्हाइट केला की आकाश का फाटतं?

पावसाळा सरून ऑक्टोबरात कोकणातलं आकाश निवळलं की समुद्राचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो भराभर दिसायला लागतात आणि त्यांच्यामागोमाग एकच तक्रार येते. रंगीत फोटोत आकाश स्वच्छ, एकसंध निळं असतं. तो ब्लॅक अँड व्हाइट करून, आकाश गंभीर दिसावं म्हणून निळ्या रंगाचा स्लायडर खाली ओढला की त्या आकाशावर बारीक रेती पसरल्यासारखे ठिपके उठतात. कुणाच्या फोटोत ठिपक्यांऐवजी आडवे पट्टे पडतात. कुणाच्या फोटोत किल्ल्याच्या तटाला, माडांच्या झावळ्यांना पांढरी कड लागते. मग नॉइज, म्हणजे हे नको असलेले ठिपके, कमी करायचा स्लायडर वाढवला जातो, त्यात कातळाचा पोत पुसला जातो, आणि तरीही आकाश काही सुधारत नाही.

यात कॅमेरा क्वचितच दोषी असतो. सॉफ्टवेअर बदलूनही फरक पडत नाही, कारण मूळ कारण तिथे नसतं. एका स्लायडरकडून आपण त्याच्या कुवतीबाहेरचं काम करून घेत असतो. आकाशाचा गडदपणा प्रकाशातून आणि मास्कमधून, म्हणजे फोटोचा तेवढाच भाग निवडून, आणायचा असतो. रंगांचे स्लायडर जमिनीवरच्या गोष्टींसाठी, म्हणजे जांभा, झाडी, वाळू, होड्या यांना एकमेकांपासून वेगळं काढण्यासाठी वापरायचे. एवढी विभागणी केली तरी निम्म्याहून जास्त त्रास मिटतो. उरलेला कसा मिटवायचा ते सविस्तर सांगते.

आधी रोग ओळखा

फोटो १०० टक्के झूम करा. छोट्या आकारात हे तिन्ही दोष सारखेच दिसतात आणि तिथेच निदान चुकतं.

झूम केल्यावर आकाशात रेतीसारखे अनियमित ठिपके दिसले तर तो नॉइज. बारीक चौकोन किंवा ठोकळे दिसले तर फाइल जेपेग, म्हणजे दाबून लहान केलेली आहे, किंवा मूळ जेपेगवरच काम झालंय. आडव्या पायऱ्या दिसल्या, म्हणजे एक करडा पट्टा संपून दुसरा अचानक सुरू होत असेल, तर ते बँडिंग. आणि दोष फक्त कडांना, म्हणजे क्षितिजाला, डोंगराच्या रेषेला, झाडांना असेल तर तो हेलो, म्हणजे कडेभोवतीची उजळ प्रभा. त्याची कारणं वेगळी आहेत, त्याच्याकडे नंतर येऊ.

बँडिंग दिसलं तर एक तपासणी आधी करून घ्या. फोटो झूम आऊट करा, खिडकीत इकडेतिकडे सरकवा. पट्टे फोटोसोबत सरकत, मोठे-लहान होत असतील तर ते फाइलमध्ये आहेत. फोटो हलवला की पट्ट्यांची फोटोतली जागाच बदलत असेल तर दोष स्क्रीनचा. स्वस्त लॅपटॉपच्या पॅनेलवर हे सर्रास होतं. रात्री स्क्रीन पिवळी करणारी सोय चालू असेल तर ती बंद करून पुन्हा पाहा. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोवर तर निदान करूच नका. तिथे फोटो म्हणून पाठवलेली फाइल दाबून लहान केलेली असते. मूळ फाइल हवी असेल तर ती डॉक्युमेंट म्हणून मागवा.

निळा स्लायडर नेमकं काय करतो

इथे थोडं खोलात जाणं भाग आहे, कारण हे उमगलं की पुढचे सगळे उपाय आपसूक सुचतात.

सेन्सरवरच्या साधारण निम्म्या ठिपक्यांवर हिरवी गाळणी असते, पाव भागावर लाल आणि पाव भागावर निळी. स्वच्छ निळ्या आकाशातून लाल प्रकाश फारच कमी येतो, म्हणून लाल चॅनेलमध्ये, म्हणजे फोटोच्या फक्त लाल रंगाच्या नोंदीत, आकाश जवळजवळ अंधारातच टिपलेलं असतं. त्यावर डेलाइट व्हाइट बॅलन्स (उन्हात पांढरं ते पांढरंच दिसावं म्हणून केलेली रंगांची जुळणी) लावताना सॉफ्टवेअर लाल आणि निळे आकडे हिरव्याच्या तुलनेत वाढवून घेतं. आकडे वाढले की त्यांच्यातला नॉइजही वाढतो. रंगीत फोटोत हा नॉइज रंगाच्या सूक्ष्म फरकाच्या रूपात असतो: एक ठिपका जरा जांभळट, शेजारचा जरा हिरवट. आपला डोळा उजेड-अंधाराचा फरक चटकन टिपतो, पण रंगाचा इतका बारीक फरक त्याच्या लक्षात येत नाही. म्हणून रंगीत आकाश स्वच्छ वाटतं.

ब्लॅक अँड व्हाइट मिक्सर, म्हणजे निळ्यासकट सगळ्या रंगांच्या स्लायडरचा संच, नेमका याच रंगावर काम करतो. ‘जो ठिपका जितका निळा, तितका तो काळा कर’, एवढाच त्याचा नियम. मग जरा जास्त निळा असलेला ठिपका काळा पडतो, जरा कमी निळा असलेला उजळ राहतो, आणि रंगातला अदृश्य फरक उजेड-अंधाराचा दृश्य फरक होऊन बसतो. आकाशावर उठलेली रेती ती हीच. ती मूळ फाइलमध्ये पहिल्यापासून असते, आपण फक्त तिला रंगातून उजेडात आणतो.

पूर्वी आकाश गडद करायला लेन्सवर लाल काचेचा फिल्टर लावत. त्याचा परिणाम देणाऱ्या प्रीसेटचंही (तयार सेटिंगचंही) तेच होतं. आकाशाचा सगळ्यात दुबळा, सगळ्यात रेताड चॅनेल तो नेमका पुढे करतो. काचेच्या फिल्टरचं गणित वेगळं होतं. रॅटन २५ हा लाल फिल्टर लावला की एक्स्पोजर, म्हणजे फिल्मला दिलेला प्रकाश, आठपट किंवा तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) वाढवावं लागे. अमेरिकन फोटोग्राफर अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सने १९२७ मध्ये योसेमिटीतल्या हाफ डोम या कड्याचा तो प्रसिद्ध फोटो काढला तेव्हा आधी पिवळा फिल्टर लावला होता. पण पिवळ्याने आकाश हवं तितकं गडद होणार नाही हे ओळखून उरलेल्या प्लेटवर (फिल्मसारख्या काचेवर) त्याने गडद लाल फिल्टर लावला आणि त्यासाठी एक्स्पोजर कितीतरी वाढवलं. लाल प्रकाश फिल्मला पुरेसा मिळाला. आपण स्लायडरने फिल्टर लावतो तेव्हा लाल प्रकाश पहिल्याइतकाच तुटपुंजा राहतो. गडदपणा मिळतो, पण त्याच्यामागे प्रकाश नसतो.

म्हणून रंगीत फाइलमध्ये हे आधी करा. मिक्सरला हात लावण्यापूर्वी कलर नॉइज रिडक्शन वाढवा. ‘फोटोत आता रंगच नाही, तर रंगाचा नॉइज कशाला काढायचा’ असं म्हणून बरेच जण हा स्लायडर शून्यावर नेतात. इथे उलट करायचं असतं. लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये रॉ फाइलसाठी (सेन्सरची न दाबलेली मूळ नोंद) तो मुळात २५ वर असतो. तो ४० ते ५० पर्यंत न्या, शेजारचा स्मूदनेसही वाढवा आणि आकाशाकडे बघत राहा. ल्युमिनन्स, म्हणजे उजेड-अंधाराचं, नॉइज रिडक्शन न वाढवताच रेती बसताना दिसेल. कातळावरच्या शेवाळाचा, शिंपल्यांच्या चुऱ्याचा पोत जागच्या जागी राहील.

मग मिक्सर. निळा उणे २० ते उणे ३० च्या खाली नेऊ नका आणि शेजारचा अ‍ॅक्वाही त्याच्यासोबत थोडा खाली आणा. एक रंग खोल खड्ड्यात आणि शेजारचा शून्यावर असेल तर त्या दोन रंगांच्या सीमेवरचे ठिपके फाटतात. डार्कटेबल या सॉफ्टवेअरच्या कलर कॅलिब्रेशनमध्ये किंवा रॉथेरपी या सॉफ्टवेअरच्या चॅनेल मिक्सरमध्ये काम करत असाल तर लाल १०० आणि बाकी शून्य असं करू नका. हिरव्याचा वाटा निम्मा तरी ठेवा. सेन्सरवर त्याचे ठिपके सर्वांत जास्त असतात, त्यामुळे तोच चॅनेल सर्वांत स्वच्छ असतो.

उरलेला गडदपणा लिनिअर ग्रेडियंटने, म्हणजे एका टोकाकडून हळूहळू विरत जाणाऱ्या मास्कने, आणा. फोटोच्या वरच्या कडेपासून क्षितिजाच्या थोडं वरपर्यंत लांब ग्रेडियंट ओढा आणि एक्स्पोजर उणे ०.७ ते उणे १ करा. एक्स्पोजर कमी करताना शेजारशेजारचे ठिपके एकाच प्रमाणात गडद होतात, त्यांच्यातला फरक वाढत नाही.

निळा फक्त आकाशात नसतो

समुद्राच्या फोटोत निळ्या स्लायडरचा आणखी एक तोटा आहे आणि माझ्या मते तो नॉइजपेक्षा मोठा आहे. फुटलेल्या लाटेचा फेस नीट बघा. उन्हात असलेला भाग पांढरा असतो, पण लाटेच्या सावलीत पडलेल्या फेसावर उजेड आकाशाचा पडतो, म्हणून तो निळसर असतो. निळा स्लायडर खाली नेला की हा सावलीतला फेस मळकट होतो, साबणाच्या शिळ्या पाण्यासारखा दिसतो. कातळाच्या सावल्याही अशाच निळसर असतात. त्या काळ्याकुट्ट होतात आणि दोन खडकांमधलं साचलेलं पाणी, त्यातलं शेवाळ, सगळं गायब होतं. फेस मळला की समुद्राचा फोटो मेला असं मी समजते. आकाश थोडं फिकं चालेल, फेस जिवंत हवा.

शिवाय आपल्याकडचा समुद्र नेहमी निळा नसतोच. खाडीच्या तोंडाशी, पावसाळ्यात आणि त्यानंतरही काही आठवडे, पाणी गढूळ हिरवट-पिवळट असतं. तिथे निळ्याने आकाश काळं होतं पण पाणी हलत नाही, आणि फोटोचे दोन तुकडे जोडल्यासारखे दिसतात. अशा पाण्यासाठी पिवळा आणि हिरवा स्लायडर हलका खाली आणून पाहा. मात्र किनाऱ्यावरची झाडीही त्याच रंगांत येते, म्हणून पाण्यावर मास्क घालून काम करणं बरं.

जांभ्याच्या बाबतीत मात्र मिक्सर खरोखर उपयोगी पडतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कड्यांचा तांबूस जांभा आणि त्यावरची हिरवळ, दोन्ही सरळ रूपांतरात जवळजवळ एकाच करड्या रंगाची होतात. केशरी अधिक १५-२० आणि हिरवा उणे १० केला की कडा झाडीतून सुटून पुढे येतो, जांभ्यातली भोकं दिसायला लागतात. या रंगांत प्रकाश भरपूर असतो, म्हणून इथे नॉइज उठत नाही. अलिबाग-मुरूडकडच्या काळ्या बेसॉल्टला मूळचाच रंग कमी, तिथे मिक्सरने फारसं काही होत नाही. तिथे डॉज-बर्न, म्हणजे हवा तो भाग हाताने उजळ किंवा गडद करणं, हाच मार्ग.

क्षितिजावरचा पांढरा पट्टा

‘वरचं आकाश काळं झालं पण क्षितिजालगत पांढरी पट्टी राहते, ती काही केल्या जात नाही’ ही तक्रारही याच स्लायडरची. समुद्राच्या हवेत खाराचे कण आणि बाष्प असतं. हवेचे रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात, पण हे मोठे कण सगळेच रंग जवळपास सारखे विखुरतात. म्हणून क्षितिजालगतचं आकाश पांढुरकं असतं. त्यात निळा रंगच नाही, तर निळा स्लायडर धरणार कशाला? मार्च ते मेमध्ये हा पट्टा आकाशाच्या बऱ्याच वरपर्यंत चढतो.

डीहेझ, म्हणजे धुरकटपणा काढणारा स्लायडर, जोरात वाढवणं हा त्यावरचा लोकप्रिय उपाय, आणि तोच बँडिंगचं सर्वांत मोठं कारण. धुरकट आकाशात मुळात उजेडाच्या पायऱ्या थोड्या असतात. आठ बिटच्या जेपेगमध्ये एकूण २५६ पायऱ्या. समजा त्यातल्या ४० पायऱ्यांत २००० पिक्सेल उंचीचं आकाश बसलंय. म्हणजे सरासरी ५० पिक्सेलला एक पायरी. ती डोळ्याला जाणवत नाही. डीहेझने त्याच ४० पायऱ्या १०० पायऱ्यांच्या जागेत ताणल्या की पायऱ्यांची संख्या तेवढीच राहते, प्रत्येकीची उंची अडीचपट होते आणि पट्टे उघडे पडतात. चौदा बिटच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४ पायऱ्या असतात, म्हणून तिथे हे सहसा होत नाही. रॉमधून फोटोशॉपमध्ये जात असाल तर फाइल १६ बिटमध्येच न्या, आठ बिट फक्त शेवटच्या एक्स्पोर्टला. शेवटी थोडा ग्रेन (फिल्मसारखा मुद्दाम घातलेला बारीक दाणा) घाला, लाइटरूममध्ये १० ते १५ पुरे. ग्रेनमुळे पायऱ्यांच्या सरळ कडा मोडतात आणि पट्टे विरतात.

आणि तो पांढुरका पट्टा थोडा राहू द्या. दूरचा डोंगर फिका, जवळचा गडद, क्षितिज उजळ, यातूनच समुद्राची लांबी कळते. हर्णैच्या किनाऱ्यावरून सुवर्णदुर्ग पाहताना किल्ला पाण्यात उभा आहे असं वाटतं ते त्याच्या मागच्या उजळ हवेमुळे. तिथलं आकाश काळं केलं की किल्ला मागच्या पडद्याला चिकटतो.

पांढरी कड

इथे संशयित चार, आणि ते एकेक करून बंद करत जायचं. आधी क्लॅरिटी (कडांचा उठाव वाढवणारा स्लायडर) आणि डीहेझ शून्य करा. कड गेली तर उत्तर मिळालं. राहिली तर लेन्सचं क्रोमॅटिक अ‍ॅबरेशन (लेन्समुळे कडांना येणारी रंगाची रेघ) काढण्याची टिक आहे ना बघा. कडेवर जांभळी किंवा हिरवी बारीक रेघ असते, रंगीत फोटोत ती खपते, पण मिक्सर तिला वेगळा रंग समजून उजळ सोडतो. तरी राहिली तर निळा आणि जांभळा स्लायडर शून्यावर आणून पाहा. शेवटी मास्क. आपोआप आकाश निवडणारा मास्क किल्ल्याच्या तटाला ठीक बसतो, पण सुरूच्या बारीक पानांत आणि माडाच्या झावळ्यांमध्ये तो हमखास चुकतो. झावळ्यांमधली आकाशाची फट उजळच राहते आणि झाडाला प्रभावळ लागते. अशा फोटोत आकाश निवडूच नका. साधा ग्रेडियंट झाडावरूनच ओढा आणि त्याला ल्युमिनन्स रेंज (उजेडानुसार निवड) लावून फक्त उजळ भाग ठेवा. काळं झाड आणखी थोडं काळं झालं तर बिघडत नाही.

पुढच्या वेळी फोटो काढतानाच

खरा उपाय किनाऱ्यावरच होतो. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. संध्याकाळी सूर्य समोर असतो, त्याच्या आसपासचं आकाश पांढरं असतं आणि त्या आकाशातून एडिटिंगने गडद निळं काढणं अशक्य आहे. ज्यांना गडद आकाश हवं त्यांनी सकाळ धरावी. सूर्य सह्याद्रीकडून, पाठीमागून येतो आणि समुद्र, फेस, कातळ सगळं उजळतं. सर्वांत गडद आकाश सूर्यापासून ९० अंशांवर असतं. म्हणून सकाळी किनाऱ्याच्या लांबीला, उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे तोंड करून उभं राहा. पोलरायझर, म्हणजे लेन्सवर लावून आकाश गडद करणारा फिल्टर, तोही तिथेच सर्वांत जास्त काम करतो. फक्त फार वाइड लेन्सवर तो आकाशाचा एकच भाग काळा करतो आणि तो डाग एडिटिंगमध्ये निघता निघत नाही. साधारण २४ मिमीपेक्षा वाइड जायचं असेल तर पोलरायझर काढून ठेवा.

एक्स्पोजर फेस कोरा पांढरा पडून त्यातला पोत जाणार नाही इतपत, पण त्याच्या जितकं जवळ जाता येईल तितकं उजळ ठेवा, बेस आयएसओवर (कॅमेऱ्याच्या मूळ, कमी संवेदनशीलतेवर). आणि ट्रायपॉड असेल तर एकाच फ्रेमचे चार-आठ शॉट लागोपाठ काढून त्यांची सरासरी घ्या. फोटोशॉपमध्ये सगळे लेयर एका स्मार्ट ऑब्जेक्टमध्ये घेऊन स्टॅक मोड मीन करायचा. चार फ्रेमच्या सरासरीने नॉइज निम्मा होतो, सोळांनी पाव. आकाश इतकं शांत होतं की मग मिक्सर थोडा जास्त ओढला तरी चालतो. पाणीही लाँग एक्स्पोजरसारखं मऊ होतं आणि एनडी फिल्टर (प्रकाश अडवणारी गडद काच) विकत घ्यायची गरज उरत नाही. लाटेचा आकार हवा असेल तर पाण्यासाठी त्यातलीच एक फ्रेम वापरा, सरासरी फक्त आकाशाला ठेवा.

दहा स्टॉपचा एनडी वापरत असाल तर तो शटर सुमारे हजारपट लांबवतो, सेकंदाच्या तिसाव्या भागाचं एक्स्पोजर अर्ध्या मिनिटाचं होतं. इतक्या वेळात सेन्सर तापून पांढरे टिपके येतात. कॅमेऱ्यातलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन त्यासाठीच आहे, ते चालू ठेवा. आकाशात गोल, मऊ डाग दिसले तर तो नॉइज नव्हे. काळसर असतील तर सेन्सरवरची धूळ, उजळ असतील तर लेन्सवर उडालेलं खारं पाणी. तुषार कोरड्या कापडाने पुसू नका, मिठाचे कण काचेवर ओरखडे पाडतात. गोड्या पाण्याने ओलं केलेलं कापड आधी फिरवा, मग कोरडं.

फाइल जेपेगच असेल तर

मोबाइलवरच्या किंवा जुन्या फोटोंची रॉ नसते. बहुतेक मोबाइल जेपेगमध्ये चार पिक्सेलमागे रंगाची एकच नोंद ठेवतात, म्हणून निळा स्लायडर ओढला की आकाशात ठोकळे दिसतात. इथे मिक्सर पूर्ण विसरा. रंग सरळ काढून टाका, मग कर्व्ह (उजेड-अंधार बदलणारी वक्ररेषा) आणि ग्रेडियंट एवढ्यावरच काम करा. उजेडाची नोंद प्रत्येक पिक्सेलची स्वतंत्र असते, त्यामुळे ठोकळे उघडे पडत नाहीत. स्नॅपसीड या मोबाइल अ‍ॅपमध्ये ब्लॅक अँड व्हाइटचा साधा, रंगाच्या फिल्टरविना असलेला प्रकार घ्या आणि आकाशासाठी सिलेक्टिव्ह टूलने ब्राइटनेस कमी करा, उणे ३० च्या पुढे न जाता. शेवटी थोडा ग्रेन. आकाश काळंभोर होणार नाही, मध्यम करड्यावर थांबेल, आणि त्या फाइलमध्ये तेवढंच आहे.

छापायचं असेल तर आधी ए-४ वर फक्त आकाशाचा तुकडा, अंतिम आकाराच्या प्रमाणात, काढून बघा. मॅट कागदावर काळा रंग उथळ बसतो आणि स्क्रीनवर दिसणारी रेती बरीचशी जिरते, ग्लॉसीवर ती उठून दिसते. कलर नॉइज आणि ग्रेनचे अंतिम आकडे या तुकड्यावरून ठरवा, मगच मोठी प्रिंट टाका.